झाकणांवर झोपू नये

१

सुकेशनीच्या घरी सकाळी चहाचं आधण नंतर ठेवलं जायचं, आधी नळी बघितली जायची. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पारदर्शक नळी उभी लावलेली होती आणि तिच्या शेजारी शिंप्याची मोजपट्टी चिकटवलेली. भिंतीपलीकडच्या टाकीत पाणी जितकं उंच, तितकंच ते नळीत दिसायचं. सुकेशनी आकडा बघायची, कॅलेंडरच्या चौकोनात लिहायची, आणि मग मायला दिवसाचा हुकूम सुटायचा. "आज कपडे नाहीत." किंवा, "आज फरशी पुसली तरी चालेल."

हर्सूलच्या त्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. त्यामुळे पाण्यावर डोळा ठेवण्यात नवल नव्हतं. आपल्या ड्रममध्ये किती हंडे उरलेत, हे गल्लीतली कुठलीही बाई झोपेतून उठवली तरी सांगू शकली असती. सुकेशनी तेच मोजपट्टीनं करायची, कारण ती सिव्हिल इंजिनिअर होती आणि तिला 'अंदाजे' या शब्दाचा तिटकारा होता. अंदाजे बोलणारी सगळी माणसं पन्नाशीच्या पुढची असतात, असं तिचं ठाम मत होतं.

ते घर म्हणजे बर्फाचा जुना कारखाना. पंधरा वर्षं बंद पडलेला, आत कबुतरं आणि बाहेर वेड्या बाभळी. गेल्या मे महिन्यात तिचे वडील, रामहरी, एका कंपनीच्या गेटवर पत्र्याच्या केबिनमध्ये ऊन लागून कोसळले होते. सोळा दिवस दवाखान्यात काढले, किडन्या कशाबशा वाचल्या. सोडताना डॉक्टर म्हणाले, "असा आणखी एक उन्हाळा यांच्या अंगाला झेपणार नाही. गार जागी ठेवा. आणि रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा." गार जागी ठेवा म्हणे. त्यांचं राहतं घरही पत्र्याचंच होतं. भाड्यानं चांगलं घर बघायला जावं, तर घरमालक आधी आडनाव विचारायचे आणि मग भाडं सांगायचेच नाहीत.

तेव्हा सुकेशनीच्या डोक्यात बर्फखाना आला. त्याच्या भिंती दुहेरी, मधल्या हातभर पोकळीत भाताचा तूस भरलेला. बाहेर त्रेचाळीस अंश असताना तिनं आत थर्मामीटर टांगून बघितला. सत्तावीस.

नातेवाइकांनी एका सुरात नकार दिला. कारखान्यात कुणी संसार मांडतं का? "गोठ्यात मांडतात, पत्र्यात मांडतात, पुलाखाली मांडतात," सुकेशनी म्हणाली, "तेव्हा तुम्हाला कुणाला कधी वाईट वाटलं नाही." पत्र्याचं घर विकलं. दहा महिने ती साइटवरून सुटली की इथं येऊन गवंड्यांच्या डोक्यावर उभी राहायची. एप्रिलमध्ये त्रिशरण-पंचशील घेऊन तिघं राहायला आले, आणि बाबा पहिल्याच दुपारी म्हणाले, "साहेब, तू मला घरात ठिवलं का फ्रीजमधी?"

ते तिला साहेब म्हणायचे. ती मनातून खूश व्हायची.

२

कारखान्याची मूळ टाकी प्रचंड होती. तिच्यात मिठाचं गार पाणी असायचं आणि त्यात बर्फाचे डबे बुडवलेले. प्रत्येक डब्यावर लाकडी झाकण. वरून बघितलं की झाकणांचीच जमीन दिसायची, सागवानी, हातभर चौकोनांची, प्रत्येकाला एक लोखंडी कडी. सुकेशनीनं टाकीचा मोठा भाग राडारोडा टाकून बुजवला आणि उरलेला तीन मीटर बाय दोन मीटरचा कप्पा आतून नवा करून पिण्याच्या पाण्यासाठी ठेवला. त्याच्यावरची चोवीस झाकणं मात्र घासूनपुसून तशीच ठेवली. खालच्या स्वयंपाकघरातून सहा पायऱ्या चढलं की बैठकीची खोली, आणि तिच्या मधोमध ही लाकडी जमीन. बघायला येणारी तिची मित्रमंडळी म्हणायची, मासिकात छापून येईल असं आहे.

सफाईच्या वेळी भिंतीवर एक पाटी सापडली होती. पांढऱ्या मुलाम्यावर निळी अक्षरं, 'झाकणांवर झोपू नये.' खाली कुणाची सही नाही, कारण नाही.

पाटी वाचून सुकेशनीचं डोकंच फिरलं. बारा-बारा तास बर्फाच्या लाद्या ओढणारा मजूर, मे महिन्याची दुपार, घटकाभर गार लाकडावर पाठ टेकली तर मालकाचं काय जात होतं? मजुराची झोप कुठल्याच मालकाला बघवत नाही. तिनं पाटीचे खिळे स्वतः उपटले आणि पाटी भंगारात दिली. देताना तिला एखादी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली सांडूमामा बसलेले असायचे. वय सत्तरीच्या पुढं, उभी हयात याच कारखान्यात गेलेली. पाटी भंगारवाल्याच्या गाड्यावर बघून ते उठून आले.

"पाटी काढली व्हय?"

"काढली."

"झाकणावर निजू देत नव्हते इथं."

"का?"

"पाटी व्हती ना."

"अहो, पण पाटी का होती?"

मामांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू या पोरीला साधं वाचता येत नाही. "निजू नये म्हणून."

सुकेशनीनं कपाळाला हात लावला. अख्खी पिढी अशी. का, हा प्रश्न विचारायला तोंडच नाही दिलेलं.

३

मे महिना लागला. उन्हामुळे साइट सकाळी सहा ते बारा चालायची, त्यामुळे सुकेशनी जेवायला घरी असायची. त्या दिवशी भांडी घासायची का नाही यावरून तिची मायशी जुंपली होती.

"पुरवून वापर, माय. बावन्नवर आलंय."

"कुठं बावन्न? तुला दिसंना का? त्रेपन्न हाय."

सुकेशनीनं वळून बघितलं. पाणी त्रेपन्नवर होतं. तिनं पाचच मिनिटांपूर्वी बावन्न लिहिलं होतं, कॅलेंडरवरची शाई अजून ओली असावी इतकं ताजं.

नळीत बुडबुडा असेल. तिनं नळीला टिचकी मारली. पाणी हललं आणि पुन्हा त्रेपन्नवर थांबलं. तीन वाजायच्या सुमारास ती परत बघायला गेली, तर बावन्न.

दुसऱ्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी पाणी पुन्हा एक सेंटिमीटर वर. तीनला खाली. तिसऱ्या दिवशी तेच. सुकेशनीनं नळाच्या लायनीची चावी तपासली, घट्ट बंद होती. गच्चीवरच्या टाकीची तोटी बघितली, कोरडी. उष्णतेनं पाणी फुगतं, हे तिला ठाऊक होतं, पण एवढं फुगायला ते उकळावं लागलं असतं, आणि टाकीतलं पाणी तर दात शिवशिवतील इतकं गार. तिनं गणित मांडलं. टाकीचं क्षेत्रफळ सहा चौरस मीटर. एक सेंटिमीटर म्हणजे साठ लिटर. रोज दुपारी साठ लिटर कुठून तरी येत होतं आणि चहाच्या वेळी निघून जात होतं.

"वाढतंय तर वाढू दे की," माय म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "पाणी कमी झालं तर माणसानं विचारावं. वाढल्यावर कुणी विचारतं का?"

मायचं तरी काय चुकलं? जन्मभर तिनं पाणी संपतानाच बघितलं होतं. सुकेशनीलाही दोन दिवस तेच पटलं, आणि त्या दोन दिवसांचा तिला पुढं फार राग आला.

४

बाबांची तब्येत मात्र सुधारत होती. खोकला गेला, भूक लागायला लागली. दुपारी जेवण झालं की ते सतरंजी घेऊन पायऱ्या चढायचे आणि झाकणांवर आडवे व्हायचे. एका मिनिटात घोरणं सुरू. उठले की चेहरा न्हाऊन आल्यासारखा टवटवीत. अंगाला हात लावला तर माठासारखं गार.

ते कधी झोपायचे? एकच्या पुढं. कधी उठायचे? तीनला.

ही सांगड घालायला सुकेशनीला आठवडा लागला. तिला ती घालायचीच नव्हती. तिनं आधी झाकणं तपासली. ती लोखंडी तुळयांवर टेकलेली होती आणि पाण्याची पातळी त्यांच्या दीड हात खाली होती. वर माणूस झोपला काय, हत्ती झोपला काय, पाण्याला त्याचा पत्ता लागायचं कारण नव्हतं. मग तिनं बाबांना एका दुपारी आतल्या खोलीत कॉटवर झोपवलं. पाणी हललं नाही. दुसऱ्या दिवशी झाकणांवर झोपू दिलं आणि स्वतः नळीसमोर उभी राहिली. वरून घोरणं ऐकू आलं. नळीतलं पाणी संथपणे, कुणी कूस बदलून नीट पडावं तसं, वर चढलं आणि थांबलं. पण सेंटिमीटर पूर्ण भरला नाही. दोन रेघा कमी.

तिनं डॉक्टरांसाठी ठेवलेली वजनाची वही काढली. रोज सकाळी बाबा काट्यावर उभे राहायचे आणि माय आकडा लिहायची. माय आकडे लिहायची, वाचायची नाही. एप्रिलच्या शेवटी एकसष्ट. मग साठ. मग अठ्ठावन्न, छप्पन्न, त्रेपन्न. आज सकाळचा आकडा एकोणपन्नास होता.

ती वर धावली. बाबा उठून बसले होते, डोळे चोळत. गाल भरलेले. तिनं त्यांचा पट्टा बघितला, नेहमीच्याच भोकात होता. दंड दाबून बघितला, भरीव लागला. बारा किलो उतरलेल्या माणसाच्या गळ्याशी हाडं दिसतात, कपडे लोंबतात. यांचं काहीच कुठं गेलेलं नव्हतं.

"काय गं, बैलबाजारातल्यावानी काय चाचपतीस?"

"बाबा, तुम्हाला काही होतंय का?"

"होतंय ना. लई हलकं वाटतंय." ते हसले. "इतक्या वर्षांत असं हलकं कधी वाटलं नव्हतं बघ."

तिनं त्यांना त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं. तिथल्या काट्यावरही एकोणपन्नास. रक्ताचे अहवाल आले, ते सगळे उत्तम. "प्रकृती छान आहे," डॉक्टर म्हणाले, "काटा तपासून घ्या." कुठला काटा, ते त्यांनी सांगितलं नाही.

५

दुसऱ्या दुपारी बाबा घोरायला लागल्यावर सुकेशनी त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली. त्यांच्या पायाकडचं, त्यांचा भार नसलेलं एक झाकण तिनं कडीला धरून उचललं. गार हवा तोंडावर आली. घोरण्याचा आवाज अचानक दोन ठिकाणांहून यायला लागला, वरून आणि खालून. घुमतोय, ती स्वतःला म्हणाली. पोकळी आहे, घुमणारच. तिनं पालथं पडून मोबाईलची बॅटरी आत धरली आणि मान खाली घातली.

पाणी स्वच्छ होतं. तळाचा नवा गिलावा दिसत होता. आत कुणी नव्हतं. तिला एकदम हायसं वाटलं, आणि तेवढ्यात उजेड सरकून बाबांच्या खालच्या पाण्यावर पडला.

तिथं पाणी सपाट नव्हतं. त्याच्यात खळगा होता. कापसाच्या गादीवर माणूस निजल्यावर पडतो तसा. टाचांचे दोन लहान खड्डे, मग पोटऱ्या, मग पाठीचा लांबट खोलगट भाग, आणि पलीकडच्या टोकाला डोक्याचा गोल. खळग्यात काहीच नव्हतं, निव्वळ हवा. पण पाणी त्याच्या कडांशी अदबीनं थांबलं होतं. वर बाबांनी श्वास सोडला तसा पाठीचा खळगा किंचित उथळ झाला, श्वास घेतला तसा खोल.

सुकेशनीनं झाकण इतक्या हळू परत ठेवलं, की लाकडाचा आवाजही झाला नाही. मग पायऱ्या उतरली, घराबाहेर पडली आणि चप्पल न घालता, तापल्या रस्त्यावरून लिंबापर्यंत गेली.

"मामा, झाकणांवर झोपलं तर काय होतं?"

सांडूमामा तंबाखू मळत होते. "मला काय ठावं? म्या कवा निजलोच नाय."

"दुसरं कुणी?"

मामांचा अंगठा तळहातावर थांबला. "एक व्हता. लई पैलवान गडी. त्याला नंतर लादी वढाय लावायचे नाय."

"का?"

"लादी उतारानं सुटली, की त्यालाच वढीत न्यायची." त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. "मग त्यो गावाकडं गेला. पायी गेला. वारं नव्हतं त्या दिवशी."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?" सुकेशनी ओरडलीच. "पाटी काढली तेव्हा तुम्ही समोर उभे होतात!"

"पोरी, तू शिकल्याली. मला वाटलं, वाचली आसंल."

६

रडण्याचा सुकेशनीला कंटाळा होता. तिनं बाबांना झाकणांवर जायची बंदी केली. बाबा हो म्हणाले, आणि दुपारी पुन्हा तिथंच सापडले. आतल्या खोलीत कुलूप लावून ठेवलं तर मायनं दया येऊन उघडलं. "पाय आपसूक जातात गं," बाबा ओशाळून म्हणाले. वही चव्वेचाळीसवर आली.

घर सोडायचा प्रश्न नव्हता. बाहेर चव्वेचाळीस अंश. पत्र्याखाली बाबा एक दुपार काढू शकले नसते. गारवा भिंतींचा आहे, पाण्याचा नाही, तिनं स्वतःला बजावलं. टाकी रिकामी करायची, राडारोड्यानं भरायची, वर फरशी. चार दिवसांचं काम. तोवर बाबांना आपल्या नजरेपुढून हलू द्यायचं नाही. गवंड्याला तिनं फोनही केला.

"पाणी सोडून देणार?" माय पदर खोचून मोटरच्या बटणासमोरच उभी राहिली. "नळाला पाणी येऊन अकरा दिवस झाले. गटारात सोडशील तर गल्ली दगडं मारंल. अन् मारावीच."

"मग काय करू? पूजा करू त्याची?"

"वाटून टाक. माणसं हायेत की प्यायला."

हे तर सुकेशनीलाही नाकारता येईना. पाणी वाईट नव्हतं, तिनं प्रयोगशाळेतून तपासून आणलेलं होतं. रविवारी सकाळी अकरा वाजता तिनं मोटर लावली आणि पाइप रस्त्यावर काढला. दहा मिनिटांत गल्ली लोटली. हंडे, कळशा, बादल्या, रंगाचे रिकामे डबे, एकानं तर कूलरच उचलून आणला. शेजारची साळूबाई दीड वर्षांच्या नातीला, मेघाला, कडेवर घेऊन दोन ड्रम लोटत आली.

"सुकेशनी, तुज्या तोंडात साखर पडो गं! हे काय कशानिमित्त?"

"काही निमित्त नाही, काकू. रांगेत या."

बाबा दारातल्या सावलीत खुर्चीवर बसून सगळ्यांची फिरकी घेत होते. "ए, त्यो कूलर प्यायला नेतो का हवा खायला?" लोक हसत होते. सुकेशनीनं पाइपाचं तोंड घट्ट धरलं होतं, कुणी दुसऱ्यांदा घुसत नाही ना ते बघत होती. गल्लीत बावीस घरं. दोघींची भांडणं तिनं सोडवली, एकाला दमात घेतलं. ऊन डोक्यावर आलं, पण तिला महिन्यात पहिल्यांदा बरं वाटत होतं. एखादी गोष्ट हातानं ढकलून संपवायची, हा तिचा स्वभाव होता आणि आज तो तिच्या बाजूनं होता.

पाइपातून हवा यायला लागली तेव्हा तिनं मान वर केली. दारातली खुर्ची रिकामी होती.

"माय, बाबा?"

"तुज्यापाशीच हायेत की," माय स्वयंपाकघरातून म्हणाली. "व्हय ना?"

दोन वाजून गेले होते.

तिनं आधी मोटर बंद केली. मग पायऱ्या चढली. बाबा झाकणांवर होते, सतरंजीवर, हात उशाला घेऊन. घोरणं वरून येत नव्हतं. ते फक्त खालून येत होतं, फार खोलातून, आणि घोरण्यामध्ये पाइपातल्या शेवटच्या पाण्यासारखी गुळणी होती.

"बाबा! उठा!"

त्यांनी डोळे उघडले. ओळखून हसले. "झालं का वाटून?"

तिनं त्यांचा दंड धरला आणि नेहमीच्या ताकदीनं ओढलं. ते पायांवर उभे राहिले नाहीत. वाळत घातलेला सदरा वाऱ्यानं अंगावर यावा तसे ते तिच्या अंगावर आले, आणि क्षणभर त्यांची दोन्ही पावलं जमिनीला लागलेली नव्हती.

काट्यावर नऊ किलो चारशे भरले.

"बिघडला वाटतं काटा," बाबा म्हणाले. आवाज तोच, गाल तेच, पट्ट्याचं भोक तेच. "चहा टाका की गं कुणीतरी."

माय दारात उभी होती. तिनं काट्याचा आकडा बघितला, या वेळी वाचलासुद्धा. ती खाली गेली, चटणी वाटायचा दगडी पाटा उचलून आणला, बाबांना खुर्चीत बसवलं आणि पाटा त्यांच्या मांडीवर ठेवला. मग एकेक करून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. बाहेर मैदानाकडून धुळीची वावटळ उठली होती.

७

सुकेशनीनं हातगाडीवर रिकामा ड्रम चढवला आणि पहिल्या घराची कडी वाजवली.

"पाणी परत द्या. खराब निघालंय."

"खराब? आम्ही तर डाळ शिजवली त्याच्यात. चांगली शिजली."

दुसऱ्या घरी धुणं झालेलं होतं, दोरीवर टपटपत होतं. तिसऱ्या घरचा म्हणाला, दिलेलं पाणी परत मागणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. तिनं त्याला बाजूला सारून त्याच्या माठातलं पाणी ड्रममध्ये ओतलं. शिव्या खाल्ल्या, दिल्या. कुणाकडं दोन हंडे उरले होते, कुणाकडं एक. कूलरवाल्याचा कूलर सुरू होता आणि त्याच्या खोलीत गार, ओलसर वारा फिरत होता, त्यासमोर ती क्षणभर थबकली. आपण काय गोळा करतोय, हे तिला नीट सांगता आलं नसतं. पण प्रत्येक घराचं नाव आणि आकडा ती मोबाईलमध्ये लिहीत होती. एकवीस घरं झाली तेव्हा ड्रम अर्धाही भरलेला नव्हता.

शेवटचं घर साळूबाईचं. दारात शेरडं बांधलेली, त्यांच्या घमेल्यातलं पाणी संपलेलं. दोन्ही ड्रम पालथे.

"अगं, उरलं कुठं? शेरडांना पाजलं, सारवलं, अन् बाकीचं सगळं मेघीला न्हाऊ घातलं. बारा दिवसांनी लेकरू पोटभर न्हालं बघ. डुंबत बसलं व्हतं घमेल्यात, बाहेर यायला तयार नाय." साळूबाई कमरेवर हात दाबत होती. "तवापासून झोपलंय. अन् काय गं, न्हाल्यावर लेकरू इतकं जड लागतं व्हय? उचलताना कंबरंत चमक भरली माज्या."

घराच्या आढ्याला लुगड्याची झोळी टांगलेली होती. मेघा तिच्यात झोपली होती. झोळी ताणून ताणून जमिनीला टेकली होती, आणि आढ्याचं लाकूड मधूनमधून करकरत होतं.

सुकेशनी खाली बसली. पोरीच्या बगलेत हात घालून तिनं उचलून बघितलं. हललीसुद्धा नाही. मग दोन्ही पाय रोवून, कंबर कसून उचललं, तेव्हा झोळी वीतभर वर आली. दवाखान्यात बाबांची कूस बदलताना लागायचं तेवढं वजन. मेघा झोपेतच हसली. गार लागत होती, माठासारखी.

तिनं पोरीला हळूच खाली ठेवलं. सगळ्या घरांतून जे निसटून गेलं, ते कुठं गेलं ते तिला माहीत नव्हतं. हे मात्र इथं होतं, एका जागी, सगळंच्या सगळं नसलं तरी पुष्कळ. पाण्यात उतरलेलं वजन त्या पाण्यानं न्हाणाऱ्याच्या अंगात शिरतं, एवढं तिला आता कळलं होतं. आणि घरी मांडीवर पाटा घेऊन बाबा चहाची वाट बघत होते.

ती उठली. मोबाईल उघडून तिनं शेवटच्या घराचं नाव टाकलं.

"काकू, अंगणवाडीत मेघाचं वजन करतात ना? मागच्या महिन्यात किती भरलं होतं?"

"नऊ किलो सातशे. का गं?"

सुकेशनीनं आकडा लिहून घेतला. अंदाजे नको होतं. कुठं थांबायचं, ते तिला नेमकं ठाऊक असायला हवं होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "टँकर बोलावून टाकी मी आज पुन्हा भरून घेतेय. उद्या जेवण झालं की तिला आमच्याकडं घेऊन या. आमच्या झाकणांवर लई गार असतं. झोपू द्या तिला निवांत."

साळूबाईचा चेहरा फुलला. "खरंच? येते की गं माय. उकाड्यानं लेकराच्या डोळ्याला डोळा लागंना दुपारचा."